बुजलेलें पोर आणि मास्तराचा शब्द

(शेतकरी व कारागीर पालक आणि शिक्षक यांच्या एकत्र सभेंत आम्हीं केलेलें भाषण.)



सभेचे चालक आमच्याकडे आले तेव्हां म्हणाले, "मुलांच्या वळणावर चार शब्द बोला." आम्हीं विचारलें, कोणत्या मुलांच्या? ते म्हणाले, "शाळेंत पांचसहा पोरें अशीं आहेत कीं त्यांनीं सर्वांना सळो कीं पळो करून सोडलें आहे. एक मारतो, एक पळून जातो, एक दुसऱ्यांच्या वह्या फाडतो, आणि एक पोरगी तर तोंडांतून शब्दच काढीत नाहीं. त्यांचें काय करावें तें सांगा." हुशार मुलांचे सत्कार पुष्कळ होतात, हार घालावयास पुढारी येतात. या पांचसहा पोरांसाठीं कोणी सभा भरवीत नाहीं. तुम्हीं ती भरविली, म्हणून आधीं तुमचे आभार मानतों.

आपण शेतकरी माणसें. तेव्हां गोठ्यापासूनच सुरुवात करूं. नवा खोंड औताला धरावयाचा असतो तेव्हां जाणता शेतकरी काय करतो? पहिल्याच दिवशीं त्याच्या मानेवर जूं टाकून पराणी टोंचीत नाहीं. आधीं अंगावरून हात फिरवितो, स्वतःच्या हातानें वैरण घालतो, रोज त्याच हांकेनें बोलावितो. मग एखाद्या शांत, मुरलेल्या बैलाच्या जोडीला त्याला फिरवितो, आणि त्यानंतर कोठें हलकें ओझें ओढावयास लावतो. ज्यानें घाई केली, रागाच्या भरांत झोडपलें, त्याचा खोंड एक तर मारका होतो, नाहीं तर बुजरा. आणि एकदां बुजलेलें जनावर, पुढें कितीही पेंड घाला, जवळ येणाऱ्या हाताकडे संशयानेंच पाहतें. हें ज्ञान आपल्यापैकीं कोणीं पुस्तकांत वाचलें नाहीं, तरी तें पक्कें आहे. मग आम्ही विचारतों, जी समज आपण गोठ्यांत दाखवितों ती पोटच्या पोराशीं आणि शाळेंतल्या लेकराशीं वागतांना कोठें जाते?

आमचें आजचें म्हणणें एवढेंच आहे. जें पोर कोणावरच विश्वास ठेवीत नाहीं तें कोणापासूनच शिकत नाहीं. आणि विश्वास उपदेशानें बसत नाहीं, धाकानें तर नाहींच नाहीं. मोठ्या माणसानें दिलेला लहानसा शब्द रोज पाळला म्हणजे तो बसतो. बाकीचें आमचें सारें बोलणें या एका गोष्टीचा विस्तार आहे.

अशा पोराला आपण काय म्हणतों तें पाहा. उनाड, द्वाड, मठ्ठ, वाया गेलेलें, आणि शेवटीं, "त्याच्या खाणीचाच गुण!" हा शेवटचा शब्द नीट ऐका. बंधूंनो, तो आपणांस नवा नाहीं. कुणब्याच्या पोराला अक्षर काय कळणार, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांच्या पोराला विद्या काय पचणार, कुंभारा-सुताराच्या पोरानें चाक-वाकस सोडून पाटी कां धरावी, असें म्हणणारे या देशांत पिढ्यान्‌पिढ्या होते. दोष पोराच्या जन्मांत आहे असें एकदां ठरविलें कीं शिकविणाराची जबाबदारी संपली! जोतिराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती हा लबाड हिशेब खोटा पाडण्यासाठींच. पुढें १८८२ सालीं सरकारच्या शिक्षण कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईतों शेतकरी वर्गांतून तयार करावे अशी मागणी केली. कारण काय दिलें? असे शिक्षक मुलांत मोकळेपणानें मिसळतील, आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्यांना अधिक चांगल्या समजतील. सोंवळ्यापायीं दूर उभा राहणाऱ्या ब्राह्मण शिक्षकाला तें जमत नाहीं. वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास ज्याला लाज वाटत नाहीं असा शिक्षक जोतिरावांना हवा होता. म्हणजे शिक्षक किती शिकला आहे एवढेंच त्यांनीं विचारलें नाहीं. तो मुलाजवळ जाऊं शकतो कीं नाहीं, हेंही विचारलें.

आज गांवोगांवच्या शाळांतून शिकविणारे पुष्कळ गुरुजी आणि बाई आपल्याच घरांतले आहेत. ही चळवळीची मोठी कमाई होय. परंतु आपल्याच घरचा मास्तर जर आपल्याच पोराला खाणीचा गुण म्हणून मागच्या बांकावर ढकलूं लागला, तर जुना पंतोजी गेला आणि त्याची छडी मात्र आपण वारशानें घेतली असें होईल. दुसऱ्याच्या भटशाहीवर टाळ्या घेणें सोपें आहे. आपल्या हातांतली छडी खालीं ठेवणें कठीण आहे. आज आम्ही तीच कठीण गोष्ट सांगावयास आलों आहों.

सांगणारानें आधीं स्वतःची झडती द्यावी. आम्ही कांहीं वर्षें एका खेड्यांतील शाळेंत शिकवीत होतों. पांचवींत एक मुलगा होता. त्याचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जात, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नसत. मुकादमाची उचल घेतलेली; कोयता चालविल्यावांचून ती फिटावयाची नाहीं. पूर्वीं पोरगा त्यांच्याबरोबर फडावर जाई. त्या सालीं त्याला व त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला म्हाताऱ्या आजीजवळ ठेवलें होतें. वर्गांत तो मागें बसे, अर्धा वेळ पेंगे, आणि त्याच्या दप्तराला कोणाचा हात लागला कीं अंगावर धांवून जाई. एके दिवशीं एका मुलानें गमतीनें तें दप्तर उचललें. हा त्याच्या हाताला कडकडून चावला. रक्त निघालें. आम्हीं काय केलें? साऱ्या वर्गादेखत त्याला थोबाडींत दिली, आणि "दप्तरांत काय चोरून आणलें आहेस?" असें म्हणून तें जमिनीवर उपडें केलें. त्यांतून फडक्यांत बांधलेली अर्धी भाकरी आणि शाळेंतल्या दुपारच्या जेवणांतला राखून ठेवलेला भात निघाला. घरच्या लहान बहिणीसाठीं होता तो. वर्ग हंसला. पोरगा रडला नाहीं. त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि दप्तर तसेंच टाकून तो निघून गेला.

पंधरा दिवस तो शाळेंत आला नाहीं. आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो परसांतून पळाला. आजीला सांगितलें, "गुरुवारीं संध्याकाळीं येतों, त्याला थांबवा." गुरुवारीं तालुक्याला बैठक निघाली, आम्ही गेलों नाहीं, निरोपही धाडला नाहीं. पुढल्या आठवड्यांत गेलों तेव्हां आजी म्हणाली, "गुरुजी, दिवेलागण हुईस्तवर पारावर बसला व्हता तुमची वाट बघत. मग म्हनला, म्या सांगत नव्हतो?" बंधूंनो, थपडेची आम्हांस लाज वाटली होती, या वाक्यानें आमची झोंप उडाली. थप्पड रागाच्या भरांत गेली असें मनाला समजावतां येतें. दिलेला शब्द आम्हीं मोडला तो शांत डोक्यानें, आणि मोडल्याची आठवणही आम्हांस राहिली नाहीं. त्या पोराच्या हिशेबांत मोठीं माणसें सारीं सारखीं होतीं; येतों म्हणतात आणि येत नाहींत. आम्हीं त्या हिशेबाला आणखी एक पुरावा जोडला.

तिसऱ्या खेपेस आम्हीं वेळ सांगितली ती पाळली. त्याला म्हणालों, "मी चुकलों. तुझें दप्तर उपडें करावयास नको होतें, तुला मारावयास नको होतें, आणि गुरुवारीं आलों नाहीं तेंही चुकलें." ज्या वर्गापुढें मारलें त्याच वर्गापुढें दुसऱ्या दिवशीं हेंच पुन्हां म्हटलें. त्यामुळें आमची अब्रू गेली नाहीं. त्या दिवशीं वर्ग जितका शांत होता तितका आमच्या छडीनें कधीं झाला नव्हता. चार दिवसांनीं तो पोरगाही आपण होऊन त्या चावलेल्या मुलापाशीं गेला आणि त्याचा हात पाहून आला.

तो लगेच सुधारला असें मात्र समजूं नका. थोडा जवळ येतांच त्यानें आणखी खोड्या काढल्या. सकाळीं गोड बोलावयाचें आणि दुपारीं खिडकीची कांच फोडावयाची! तेव्हां आम्हांस उलगडा होईना, आतां होतो. ज्याला अनेकांनीं सोडलें आहे तो नवा माणूस किती टिकतो हें पारखून पाहतो. बाजारांत आपण मडकें घेतांना टिचकी मारून पाहतों, तशा तो आम्हांस टिचक्या मारीत होता. "चांगुलपणा केला त्याचें हें फळ" असें म्हणून आम्हीं त्याला हांकलून दिलें असतें तर त्याच्या लेखीं मडकें फुटकेंच निघालें असतें. आम्हीं त्याला सुताराकडे नेलें आणि दोघांनीं मिळून कांच बसविली. नुकसान भरून निघालें, संबंध तुटला नाहीं. तो कांहीं कलेक्टर झाला नाहीं. दहावी झाला, आज ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि त्याची मुलगी शाळेंत जाते. सगळींच पोरें अशीं परत आलीं नाहींत. एकदोन आमच्या हातून निसटलीं तीं निसटलींच. म्हणून आम्ही जादूचा उपाय सांगत नाहीं, कामाची रीत सांगतों.

रीत सांगण्यापूर्वीं कारण समजून घ्या. पोराचें वागणें ही त्याची भाषा असते. जें शब्दांत सांगतां येत नाहीं तें तें लाथेनें, पळण्यानें किंवा गप्प बसण्यानें सांगतें. बाप दारू पिऊन आईला मारतो तें पाहत रात्रभर जागलेलें पोर सकाळीं हिशेबांत लक्ष कसें देणार? कर्जापायीं ज्याच्या बापानें विष घेतलें, त्याला सर्वांदेखत "बाप काय करतो तुझा?" असें विचारल्यावर त्यानें बांक उलथला तर नवल तें काय? शरीरशास्त्र जाणणारे सांगतात कीं भीति अंगांत शिरली म्हणजे शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागतें. छाती धडधडते, आणि विचार करण्याची व ध्यानांत ठेवण्याची शक्ति मागें पडते. जें पोर वर्षानुवर्षें भीतींत वाढलें त्याचें शरीर साध्या चढ्या आवाजालाही घाबरतें, आणि डोकें कांहीं ठरविण्याच्या आंत हात उठलेला असतो. म्हणून त्या क्षणीं "असें कां केलेंस?" हा प्रश्न फुकट आहे. पुष्कळदां त्याचें उत्तर त्यालाही ठाऊक नसतें.

शिवाय सारेंच दुखणें मनाचें नसतें. एखाद्याचा कान वाहतो, त्याला अर्धें ऐकूं येत नाहीं. एखाद्याला फळा दिसत नाहीं. एखाद्याला जात्याच अक्षरांची संगत लागत नाहीं, बुद्धि चांगली असूनही. अशा शिकण्याच्या अडचणीला अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत जागा मिळाली आहे. आळशी म्हणून मार खाल्लेलीं किती पोरें खरें पाहतां चष्म्यावांचून बसलेलीं होतीं, याचा विचार मनांत आला म्हणजे मान खालीं जाते. तेव्हां पोर द्वाड ठरविण्याआधीं त्याचे डोळे, कान, झोंप आणि पोट तपासा.

आतां रीत. पहिली गोष्ट, रोज सकाळीं दारांत उभें राहून अशा पोराला त्याच्या नांवानें बोलावा. हजेरींतलें नांव घेणें वेगळें, आणि "आलास? बरें झालें. काल म्हैस व्याली म्हणे तुमची?" असें विचारणें वेगळें. याला दोन मिनिटें लागतात. पोर उत्तर देणार नाहीं. आठ दिवस देणार नाहीं. तरी विचारीत राहा.

दुसरी गोष्ट, शब्द थोडे द्या पण दिलेला पाळा. "उद्यां तुला चित्रें दाखवितों" म्हटलें तर उद्यां दाखवा. जमत नसेल तर आधीं सांगा. तुम्ही रजेवर जाणार असाल तर तेंही या पोराला आदल्या दिवशीं सांगा. ज्याचीं माणसें न सांगतां निघून गेलीं आहेत त्याला मास्तराची एक दिवसाची गैरहजेरीसुद्धां फसवणूक वाटते.

तिसरी गोष्ट, चौघांत पाणउतारा करूं नका. चूक सांगावयाची ती बाजूला घेऊन, हळू आवाजांत सांगा, आणि चुकीला नांवें ठेवा, पोराला नको. "तूं दगड मारलास, हें वाईट केलेंस" असें म्हणतां येतें. "तूं वाईटच आहेस" असें म्हणतांच पोराला सुधारावयास वाटच राहत नाहीं. वाईटच आहें तर वाईट वागतों, असें तें ठरवितें.

चौथी गोष्ट, रागानें पेटलेल्या पोराला कोंपऱ्यांत कोंडूं नका. लोहार तापलेल्या लोखंडाला हात घालीत नाहीं. इतर मुलांना दूर करा, आपला आवाज खालीं आणा, त्याला पाणी द्या, थोडें बाहेर बसूं द्या, पण नजरेआड होऊं देऊं नका. बोलणें नंतर. आणि तें बोलणें चुकवूं नका. भांडणानंतर पुन्हां जोडून घेण्याचें काम मोठ्या माणसाचें आहे, पोराचें नव्हे.

पांचवी गोष्ट, त्याला खरें काम द्या. घंटा, झाडांचें पाणी, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली, लहान मुलाला बोट धरून पोंचविणें. ज्याच्यावर कोणी भरंवसा टाकला नाहीं त्याच्यावर टाकलेला पहिला भरंवसा फार काम करतो. अभ्यासही असा द्या कीं त्यांतला थोडा तरी त्याला नक्की येईल. रोज हरणारा गडी आखाड्यांत उतरत नाहीं.

याचा अर्थ मोकाट सोडा असा नव्हे. नियम थोडे असावे, स्पष्ट असावे, आणि पाटलाच्या पोराला व मजुराच्या पोराला एकच असावे. मोडलें तें जोडून द्यावयाचें, सांडलें तें पुसावयाचें, दुखावलें त्याची माफी मागावयाची. यांत शिस्त आहे, सूड नाहीं. अन्यायाचा वास अशा पोरांना सर्वांच्या आधीं येतो; एकदां पक्षपात दिसला कीं महिन्याची कमाई एका दिवसांत जाते.

कोणी म्हणेल, "आम्ही मार खाऊनच शिकलों." खरें आहे, पण जे मार खाऊन शाळा सोडून गेले ते आज या सभेंत बोलावयास उभे नाहींत. त्यांचीं नांवें हजेरीपटावरून गेलीं आणि शेतमजुरीच्या खात्यांत जमा झालीं. शिवाय कायदाही आतां स्पष्ट आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत मारणें आणि मानसिक छळ करणें दोन्ही मना आहेत, आणि सोळाव्या कलमानें आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेंतून काढतां येत नाहीं. "दाखला घेऊन जा" असें तुम्हांस कोणी म्हटलें तर हें कलम दाखवा. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. सक्तीनें पोर शाळेच्या दारापर्यंत येतें. दाराच्या आंत त्याला विश्वासच नेतो.

दुसरा म्हणेल, "एका मास्तरापुढें पन्नास पोरें, वर सरकारी कागदांचा ढीग, एका पोराला वेळ कोठून आणावा?" हें दुःख खरें आहे, आणि त्यासाठीं शिक्षक वाढवून मागणें हें आपल्या साऱ्या गांवाचें काम आहे. पण आम्ही अनुभवानें सांगतों, बिथरलेलें पोर दिवसाचा तास खातें. सकाळचीं दोन मिनिटें त्यांतला बराच तास वांचवितात.

अशा पोरांचें पुढें काय होतें म्हणून विचाराल तर एका मुलाची हकीकत ऐका. अस्पृश्यांना पाणी भरूं देत नाहींत म्हणून त्यानें लहानपणीं विहिरीचा रहाट मोडून टाकला. पुढें कोल्हापुरांत शिकतांना वसतिगृहाची शिस्त मोडली म्हणून त्याला तेथून काढलें. मॅट्रिकची पायरी त्याला चढतां आली नाहीं. आजच्या भाषेंत हा "वर्तनाची अडचण असलेला विद्यार्थी"च! त्याला शाहू महाराजांनीं आसरा दिला. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह सुरू केलें, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं त्या मुलांच्या पोटासाठीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, मोडलें. मुलें काम करीत, एका पंगतीला जेवीत, आणि आपल्यासाठीं कोणी कांहीं सोडलें आहे हें डोळ्यांनीं पाहत. विश्वासावर व्याख्यान देण्याची तेथें गरज नव्हती.

दुसरें उदाहरण कोसबाडचें. तेथील डोंगरांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं आदिवासी मुलांसाठीं शाळा काढली. गुरें राखणारीं पोरें शाळेंत येईनात. त्यांना पळपुटीं म्हणून या बाईंनीं नांवें ठेविलीं नाहींत. जेथें गुरें चरत त्या कुरणांतच शाळा नेली. तिचें नांव कुरणशाळा. पोर येत नसेल तर शिक्षकानें चार पावलें पुढें जावें, हा तिचा धडा.

आणि परदेशांतही कारागिराच्याच घरच्या एका शिक्षकानें हें करून दाखविलें आहे. अंतोन माकारेंको याचा बाप रेल्वेच्या कारखान्यांत रंगारी होता. १९२० सालीं युक्रेनमध्यें पोल्तावा शहराजवळ, यादवींत रस्त्यावर आलेल्या आणि चोऱ्या-दरोड्यांत सांपडलेल्या मुलांची वसाहत त्याच्याकडे आली. सुरुवातीला त्यानेंही एका मुलावर हात टाकला, आणि तें त्यानें आपल्या पुस्तकांत लपविलें नाहीं. पण पुढें त्यानें काय केलें? तुरुंग पाहून आलेल्या एका मुलाला वसाहतीचे पैसे आणावयास एकट्याला धाडलें. तो पैसे घेऊन परत आला. पुढें त्याच मुलानें मोठेपणीं स्वतः अशा पोरांचीं निवासगृहें चालविलीं. चोराच्या हातीं किल्ली देणें हा वेडेपणा वाटतो. पण तो माणूस पारखून, वेळ पाहून केला होता.

आतां घरांतल्या माणसांशीं दोन शब्द. मायबापहो, सारा भार मास्तरावर टाकूं नका. शाळेंतून तक्रार आली कीं आधीं पोराला बडवूं नका. मास्तरापुढें बडविलें म्हणजे आपण चांगले पालक ठरतों असें मुळींच नाहीं. पोराला विचारा, ऐकून घ्या, मग मास्तराला भेटा. ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातांना पोराला झोंपेंत सोडून निघूं नका. कोठें जातों, कोणाजवळ ठेवतों, कोणत्या सणाला येतों, फोन कोणत्या दिवशीं करतों, हें सांगून जा आणि तो दिवस चुकवूं नका. हंगामी वसतिगृह जवळ असेल तर आधींच चौकशी करा. बाप दारू सोडीत नसेल तर निदान पोराच्या वाटणीचा एक जाणता माणूस घरांत किंवा भावकींत असूं द्या: आजी, मामा, शेजारची काकी. एक माणूस पक्का असला तरी पोर तरतें. आणि गुरुजनहो, घरीं निरोप धाडावयाचा तर पहिला चांगला धाडा. ज्या आईला शाळेकडून फक्त तक्रारीच ऐकावयास मिळाल्या ती शाळेचा रस्ताच सोडते.

ती मुकी पोरगीही आम्ही विसरलों नाहीं. दंगा करणाऱ्याकडे सर्वांचें लक्ष जातें. गप्प बसणारी शहाणी समजली जाते. पण एकाएकीं गप्प झालेलें, जेवण टाकलेलें, ठराविक माणूस दिसतांच थरथरणारें लेकरूं संकटांत असूं शकतें. तिला बोलावयास भाग पाडूं नका. जवळ बसा, काम द्या, थांबा. आणि ती जर म्हणाली, "कोणाला सांगणार नाहीं ना?" तर खोटा शब्द देऊं नका. म्हणा, "तुला जपण्यासाठीं ज्यांना सांगावें लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला आधीं विचारीन." मुलांवरील लैंगिक अत्याचाराची खबर देणें २०१२ च्या कायद्यानें प्रत्येकावर बंधनकारक आहे, गांवाच्या अब्रूसाठीं लेकराचा बळी देऊं नका. संकटांतल्या मुलांसाठीं १०९८, आणि मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६, हे सरकारी फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. पोर जीव देण्याची भाषा बोललें, स्वतःला इजा करूं लागलें, तर तें नाटक समजूं नका; त्याला एकटें सोडूं नका आणि त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्या. अंगारा-धुपारा आणि देवऋषी यांच्या दारीं वेळ घालवूं नका. विश्वास हें मोठें औषध आहे. पण सारींच औषधें मास्तराजवळ नसतात.

शेवटीं आमची एक विनंति आहे. या सभेनें मोठे ठराव करूं नयेत. त्या पांचसहा पोरांपैकीं एकेक पोर एकेका जाणत्या माणसानें आपलें म्हणून घ्यावें. मास्तर असो, अंगणवाडीची ताई असो, नाहीं तर दुपारीं खिचडी शिजविणारी मावशी असो. त्यानें वर्षभर त्या पोराला रोज नांवानें हांक मारावी, आणि दिलेला एकही शब्द मोडूं नये. मोडलाच तर चुकलों म्हणावें. पुढल्या वर्षीं याच दिवशीं पुन्हां जमूं, आणि कोणता शब्द पाळला व कोणता मोडला याचा हिशेब एकमेकांस देऊं. आम्ही त्या दिवशीं येऊं. आम्हीं एका गुरुवारीं पारावर बसलेल्या पोराला फसविलें आहे. हा शब्द मोडणार नाहीं.